बॅरिस्टर रॉजर बुशेल आणि सागानचें भुयार

लाक्षागृहांतून भुयाराच्या वाटेनें सुटलेल्या पांडवांची कथा आमच्या बालवाचकांनीं आजीच्या तोंडून ऐकिली असेलच. आज आम्ही त्यांच्यापुढें जें चरित्र ठेवीत आहों, त्यांतहि एक भुयार आहे. परंतु तें कोणा कुशल खनकानें आधींच खणून ठेविलेलें नव्हतें. तें कैद्यांनीं स्वतः, शत्रूच्या पहाऱ्यांत राहून, खाटांच्या फळ्या व दुधाचे रिकामे डबे ह्यांच्या साह्यानें तयार केलें. त्या कार्याचा सूत्रधार रॉजर बुशेल हा धंद्यानें बॅरिस्टर व छंदानें वैमानिक होता. त्याच्या चरित्रांत साहस पुष्कळ आहे. परंतु केवळ साहसासाठीं आम्ही हें चरित्र सांगत नाहीं. एका माणसाच्या निश्चयाची किंमत किती जणांस द्यावी लागते, आणि कायदा पायांखालीं तुडविला गेला म्हणजे पुढें काय होतें, हे दोन प्रश्न त्यांत उभे राहतात, म्हणून तें सांगण्यासारखें आहे.

रॉजर बुशेल ह्याचा जन्म ता. ३० ऑगस्ट १९१० रोजीं दक्षिण आफ्रिकेंतील ट्रान्सवाल प्रांतीं स्प्रिंग्ज ह्या गांवीं झाला. त्याचे वडील इंग्रज असून खाणींचे इंजिनियर होते. खाणींच्या मुलखांत जन्मलेल्या ह्या मुलाचें नांव पुढें एका भुयारामुळेंच जगभर व्हावें, हा मोठा चमत्कारिक योग म्हणावयाचा. आरंभींचें शिक्षण जोहान्सबर्ग येथें झाल्यावर त्यास इंग्लंडांतील वेलिंग्टन कॉलेज नांवाच्या शाळेंत पाठविण्यांत आलें, आणि १९२९ सालीं कायद्याच्या अभ्यासासाठीं तो केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजांत दाखल झाला.

तेथें त्याचें मन पुस्तकांपेक्षां बर्फावर अधिक रमलें. पायांस लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून वेगानें घसरत जाण्याचा जो स्कीइंग नांवाचा खेळ आहे, त्यांत त्यानें असें प्रावीण्य मिळविलें कीं, उतारावरून जाणाऱ्या इंग्रज खेळाडूंत सर्वांत वेगवान म्हणून त्याची गणना होऊं लागली. एकदां कानडांतील एका शर्यतींत तो पडला व पट्टीचें टोंक त्याच्या उजव्या डोळ्याजवळ लागून खोल जखम झाली. डोळा थोडक्यांत वांचला. परंतु त्याची खूण जन्मभर राहिली, आणि त्यामुळें त्याचा चेहरा पाहणाऱ्यास कांहींसा उग्र वाटे. ह्याच काळांत फ्रेंच व जर्मन ह्या दोन भाषा तो अस्खलित बोलूं लागला. तरुणपणीं हौसेनें मिळविलेली विद्या पुढें कोणत्या संकटांत कामास येईल, हें कोणास सांगतां येतें?

१९३२ सालीं तो हवाई दलाच्या ६०१ क्रमांकाच्या राखीव तुकडींत दाखल झाला. सुट्टीच्या दिवशीं विमान चालविण्यास शिकणाऱ्या श्रीमंत तरुणांची ही तुकडी होती. पुढें १९३४ सालीं तो बॅरिस्टर झाला व त्यानें वकिलीस आरंभ केला. लष्करी न्यायालयांत वैमानिकांची बाजू मांडण्याचें कामहि त्याजकडे येऊं लागलें. सप्टेंबर १९३९ मध्यें दुसरें महायुद्ध सुरू होतांच चुकीच्या सूचनेमुळें इंग्रज विमानांनीं आपलींच दोन विमानें पाडलीं व एक वैमानिक प्राणास मुकला. त्या प्रकरणीं आरोपी ठरलेल्या वैमानिकांच्या बचावाच्या कामीं बुशेलनेंहि साह्य केलें, आणि ते निर्दोष सुटले. त्यानंतर लवकरच ९२ क्रमांकाच्या नव्या तुकडीचें नेतृत्व त्यास मिळालें. आपल्या वयाच्या तिसाव्या वर्षाच्या आंत स्वतंत्र तुकडीचा नायक होणें हा त्यास मोठाच मान होता. पण तो फार दिवस भोगण्याचें त्याच्या नशिबीं नव्हतें.

ता. २३ मे १९४० रोजीं फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर त्याच्या तुकडीची शत्रूशीं गांठ पडली. जर्मन विमानांची संख्या पुष्कळ होती. बुशेलचें स्पिटफायर विमान जायबंदी झालें व तें त्यानें कसेंबसें एका शेतांत उतरविलें. तो मुलूख अद्याप मित्रांच्या हातीं आहे, अशी त्याची समजूत होती. परंतु जो मोटारसायकलस्वार त्याजकडे आला तो जर्मन निघाला. अशा रीतीनें पहिल्याच मोठ्या लढाईंत तो कैद झाला आणि त्याचें खरें युद्ध येथूनच सुरू झालें.

ह्या ठिकाणीं एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. १९२९ सालीं जिनीव्हा येथें अनेक राष्ट्रांनीं युद्धकैद्यांविषयीं एक करार केला होता. त्या करारान्वयें कैद्यानें पळून जाण्याचा प्रयत्न करणें हा कांहीं घोर अपराध नव्हे. पकडला गेल्यास त्यास फार तर तीस दिवसांची शिस्तीची शिक्षा देतां येत असे. जर्मनीनेंहि हा करार मान्य केला होता. कायद्याचा अभ्यासक असलेल्या बुशेलला हें पक्कें ठाऊक होतें. कैद्यानें शत्रूस स्वस्थ बसूं देऊं नये, हें तो आपलें कर्तव्यच समजत असे.

फ्रँकफुर्टजवळील पहिल्या छावणींत त्याच्या सोबत्यांनीं एक भुयार खणिलें. जून १९४१ मध्यें तें पुरें झालें. परंतु बुशेल त्यांतून गेला नाहीं. छावणीच्या मैदानांत शेळ्यांसाठीं एक लहान गोठा होता. त्यांत तो लपून बसला व इतरांच्या आधीं निसटला. जर्मन भाषेच्या बळावर त्यानें आगगाडीनें बराच प्रवास केला आणि स्वित्झर्लंडची सीमा कांहींशे यार्डांवर राहिली असतां एका पहारेकऱ्यानें त्यास अडविलें. स्वातंत्र्य डोळ्यांनीं दिसावें आणि हातीं लागूं नये, असा हा प्रसंग होता.

ऑक्टोबर १९४१ मध्यें कैद्यांस एका छावणींतून दुसरीकडे आगगाडीनें नेत असतां, बुशेल व झाफोक नांवाचा एक झेक वैमानिक डब्याच्या तळास भोंक पाडून पळाले. ते दोघे प्राग शहरीं पोंचले. तेथें एका झेक कुटुंबानें त्यांस आपल्या घरीं आसरा दिला, आणि ते कित्येक महिने तेथें लपून राहिले. १९४२ च्या मे महिन्यांत हायड्रिख ह्या क्रूर नाझी अधिकाऱ्यावर प्रागमध्यें प्राणघातक हल्ला झाला. त्या सुमारास शहरांत जो अत्याचार चालला होता त्यांत हे दोघेहि पकडले गेले. बुशेलला बर्लिन येथें गेस्टापो नांवाच्या गुप्त पोलिसांच्या हवालीं करण्यांत आलें. त्याचा जीव वांचला. परंतु ज्या कुटुंबानें त्यास घासांतला घास दिला, त्या कुटुंबास जर्मनांनीं देहदंड दिला. युद्धकैद्यास कराराचा आधार होता. त्या गरीब घरास कोणताच आधार नव्हता. बुशेलचें चरित्र सांगतांना त्या घराचें स्मरण न करणें कृतघ्नपणाचें होईल.

ऑक्टोबर १९४२ मध्यें तो सागान येथील छावणींत आला. हें गांव त्या वेळीं जर्मनींत होतें. आज तें पोलंडांत असून त्यास झागान म्हणतात. पुन्हां पळून सांपडल्यास गोळी घालण्यांत येईल, अशी ताकीद गेस्टापोनें त्यास दिली होती. जुने सोबती सांगत कीं, पूर्वीचा थट्टेखोर बुशेल आतां राहिला नव्हता. जें त्यानें पाहिलें होतें त्यामुळें तो गंभीर व कठोर झाला होता.

सागानची छावणी जर्मन हवाई दलानें मुद्दाम पळपुट्यांसाठींच निवडिली होती. तेथील जमीन सैल वाळूची, म्हणजे भुयार ढांसळण्यास सोयीची. वरची माती करड्या रंगाची व खालची वाळू पिवळी, म्हणजे खणलेली वाळू वर टाकतांच ओळखूं यावी. झोपड्या जमिनीपासून सुमारें दोन फूट उंच बांधलेल्या, म्हणजे खालीं वांकून पाहतां यावें. कुंपणाच्या कडेनें जमिनींत आवाज टिपणारीं यंत्रें पुरलेलीं होतीं. शिवाय हातांत लोखंडी सळया घेऊन भुयारें हुडकीत हिंडणारे खास पहारेकरी होते ते वेगळेच.

ह्या सर्वांस उत्तर म्हणून बुशेलनें १९४३ च्या वसंत ऋतूंत एक योजना मांडिली. आजवर लहान टोळ्या आपआपलीं भुयारें खणीत व तीं एकामागून एक सांपडत. आतां सर्वांनीं मिळून एकाच वेळीं तीन मोठीं भुयारें खणावयाचीं आणि एका रात्रीं दोनशें माणसें बाहेर काढावयाचीं, असें त्यानें ठरविलें. तीन कां? एक सांपडलें तर आणखी दोन चालूं असतील अशी शंकाहि शत्रूस येणार नाहीं म्हणून! त्यांस टॉम, डिक व हॅरी अशीं साधीं नांवें दिलीं, आणि भुयार हा शब्द कोणीं उच्चारूं नये असा कडक नियम केला. सर्वच माणसें स्वदेशीं पोंचतील अशी आशा त्यासहि नव्हती. परंतु त्यांच्या शोधासाठीं शत्रूचे हजारों लोक अडकून पडावेत, हाहि त्याचा एक हेतु होता.

ह्या कामांत सहाशेंहून अधिक कैदी गुंतले होते. त्याची व्यवस्था पाहिली म्हणजे आश्चर्य वाटतें. हॅरी ह्या भुयाराचें तोंड १०४ क्रमांकाच्या झोपडींत एका शेगडीखालीं होतें. फरशीचा चौथरा शेगडीसकट बाजूस सारतां येई, आणि शेगडी पेटलेली असल्यामुळें तिला हात लावावा असें पहारेकऱ्यास वाटत नसे. डिकचें तोंड न्हाणीघराच्या सांडपाण्याच्या खड्ड्यांत होतें; पाणी उपसून आंत उतरावयाचें व मागाहून पुन्हां पाणी भरून ठेवावयाचें. आवाज टिपणाऱ्या यंत्रांस चाहूल लागूं नये म्हणून विहिरीसारखें सुमारें ३० फूट खालीं जाऊन मग आडवें खणीत. आडव्या मार्गाची उंची व रुंदी अवघी दोन दोन फूट. कानडाचा वॉली फ्लडी, ज्यास खाणींतील कामाचा अनुभव होता, तो खणणाऱ्यांचा प्रमुख होता.

वाळू ढांसळूं नये म्हणून भुयारास सर्व बाजूंनीं खाटांच्या फळ्यांचें अस्तर दिलें. मागाहून मोजतां सुमारें ४,००० फळ्या नाहींशा झालेल्या आढळल्या. कैद्यांस रेड क्रॉसकडून क्लिम नांवाच्या दुधाच्या भुकटीचे डबे मिळत. इंग्रजी मिल्क हा शब्द उलटा वाचिला असतां हें नांव होतें, हें आमच्या चाणाक्ष विद्यार्थ्यांच्या लक्षांत येईलच. ते रिकामे डबे एकास एक जोडून हवेची नळी केली, आणि सामानाच्या पिशव्यांचा भाता करून तिजवाटे आंत हवा सोडिली. जर्मनांचीच वीजतार चोरून दिवे लाविले. लांकडी रुळांवरून दोरानें ओढली जाणारी लहान गाडी केली, आणि वाटेंतील दोन थांब्यांस लंडनमधील चौकांचीं नांवें दिलीं. पिवळी वाळू पायजम्याच्या आंत लोंबत्या पिशव्यांत भरून नेत व खिशांतील दोरी ओढून बागेच्या वाफ्यांत हळूच सांडीत. त्या ओझ्यानें डुलत चालणाऱ्या मंडळीस सोबती पेंग्विन म्हणत.

वर जमिनीवरहि कारखाने चालले होते. टिम वॉलेनच्या हाताखालीं चित्रकार मंडळी खोटे परवाने इतके हुबेहूब लिहीत कीं छापलेल्यांत व लिहिलेल्यांत भेद कळूं नये. आल हेक नांवाचा ऑस्ट्रेलियन ग्रामोफोनच्या तबकड्या वितळवून व दाढीच्या पात्यांचे तुकडे चुंबकित करून होकायंत्रें बनवी. टॉमी गेस्टचे शिंपी गणवेष व कांबळीं ह्यांचे नागरी पोषाख शिवीत. छावणींत येणाऱ्या व जाणाऱ्या प्रत्येक जर्मनाची नोंद ठेवणारे पहारेकरी कैद्यांनींच नेमिले होते! ह्या साऱ्या कामांचे धागे बुशेलच्या हातांत होते. परंतु बाहेरून पाहणाऱ्यास तो नाटकाच्या तालमींत दंग दिसे. शॉच्या ज्या पिग्मॅलियन नाटकावरून पुढें आपल्याकडे ती फुलराणी झालें, त्यांत त्यानें भूमिका घेतली होती, ती हा मनुष्य आतां रमला असें शत्रूस वाटावें म्हणूनच.

सप्टेंबर १९४३ मध्यें टॉम भुयार सांपडलें. महिन्यांच्या श्रमांवर पाणी पडलें. परंतु बुशेलचा तर्क खरा ठरला. पुढें जानेवारी १९४४ मध्यें हॅरीचें काम पुन्हां सुरू झालें. बाहेर बर्फ पडलेलें असल्यामुळें वाळू बागेंत टाकतां येईना, तेव्हां ती नाटकगृहाच्या खुर्च्यांखालीं भरली. मार्चमध्यें भुयार पुरें झालें. त्याची लांबी ३०० फुटांहून अधिक होती.

ता. २४ मार्च १९४४, शुक्रवारची रात्र. चंद्र नव्हता, पण बर्फ दाट होतें व थंडी कडाक्याची होती. पायीं जाणाऱ्यांचे हाल होतील हें उघड होतें. परंतु पुढच्या काळोख्या रात्रींस महिनाभर अवकाश होता, परवान्यांवर तारखा घालाव्या लागत, आणि तोंवर भुयार सांपडण्याचें भय होतें. बुशेलनें जाण्याचा निर्णय दिला. जर्मन बोलणारे प्रथम, ज्यांनीं अधिक श्रम केले ते त्यांमागून, आणि उरलेले चिठ्ठ्या टाकून, असा क्रम ठरला होता.

वरचें झांकण गोठल्यामुळें तें निघण्यास फार वेळ लागला. तें उघडतांच दिसलें कीं, भुयार झाडींपर्यंत पोंचलेंच नाहीं. तोंड उघड्या जागीं, टेहळणीच्या बुरुजापासून जवळच निघालें आहे. मागें फिरावें कीं पुढें जावें? तेथल्या तेथें युक्ति निघाली: एकानें झाडांच्या आड राहून दोरीस हिसका द्यावयाचा, म्हणजे रस्ता मोकळा आहे असें समजून पुढच्यानें निघावयाचें. मध्यें विमानहल्ल्याच्या इशाऱ्यानें वीज गेली, भुयारांत अंधार झाला, कोठें कोठें वाळूहि ढांसळली. दोनशेंपैकीं शहात्तर माणसें बाहेर पडलीं. पहांटे पांचच्या सुमारास सत्याहत्तरावा मनुष्य पहारेकऱ्याच्या दृष्टीस पडला आणि सर्व उघडकीस आलें.

बुशेल व त्याचा फ्रेंच सोबती बर्नार शायडहाउर हे आगगाडीनें फ्रान्सच्या दिशेनें निघाले होते. सारब्रुकेन स्टेशनवर ते पकडले गेले. शहात्तरांपैकीं केवळ तिघे सुटले: म्युलर व बर्गस्लंड हे दोन नॉर्वेकर, आणि व्हान डेर स्टोक हा डच. हिटलरचा राग अनावर झाला. पकडलेल्या त्र्याहत्तरांपैकीं पन्नास जणांस ठार मारण्याचा हुकूम सुटला. ना चौकशी, ना न्यायालय. ता. २९ मार्च रोजीं बुशेल व शायडहाउर ह्यांस मोटारींतून नेऊन रामस्टाइनजवळ रस्त्याच्या कडेस पाठीमागून गोळ्या घातल्या. मृत्युसमयीं बुशेलचें वय तेहतीस वर्षांचें होतें. वॉलेन व हेक हेहि त्या पन्नासांत होते. पुन्हां पळतांना मारले गेले, अशी खोटी सबब जाहीर करण्यांत आली. परंतु पन्नास माणसें मरावींत व जखमी एकहि असूं नये, ह्यावरूनच खरें काय तें सर्वांस कळलें.

मारलेल्यांची रक्षा कलशांत भरून छावणींत परत पाठविली गेली. बहुतेक कलशांवर दहनाच्या गांवांचीं नांवें होतीं, आणि तींच पुढें मारेकऱ्यांचा माग काढण्यास उपयोगीं पडलीं. युद्ध संपल्यावर इंग्रज हवाई दलाच्या तपासनिसांनीं उद्ध्वस्त जर्मनींत गांवोगांव हिंडून, कागदपत्र धुंडाळून व साक्षीदार हुडकून एकेका खुनाचा छडा लाविला. १९४७ सालीं जुलै ते सप्टेंबर हँबर्ग येथें अठरा जणांवर खटला चालला. चौदा जणांस फांशीची शिक्षा झाली व त्यांपैकीं तेरा जणांच्या बाबतींत ती १९४८ च्या फेब्रुवारींत अमलांत आली. बुशेलवर गोळी झाडणारा एमिल शुल्ट्स हा त्यांत होता. वरिष्ठांचा हुकूम होता, ही सबब न्यायालयानें ऐकिली नाहीं. मात्र एवढें सांगितलें पाहिजे कीं, बुशेलच्या मारेकऱ्यांस वकील मिळाले व त्यांची बाजू ऐकून घेण्यांत आली. बुशेल ह्या वकिलास स्वतः तें मिळालें नव्हतें. सूड आणि न्याय ह्यांत जें अंतर आहे, तें हेंच.

आतां पहिल्या प्रश्नाकडे वळूं. तिघांच्या सुटकेसाठीं पन्नास गेले, हा व्यवहार कोणत्या हिशेबांत बसतो? बुशेलनें आपल्या द्वेषापायीं इतरांस मृत्यूच्या दारीं नेलें, असें म्हणणारे आहेत. त्यास धोक्याची ताकीद मिळाली होती, हेंहि खरें. उलट बाजूनें पाहतां, कोणासहि बळजबरीनें भुयारांत उतरविलें नव्हतें. प्रत्येक जण स्वखुषीनें गेला. आणि ते मेले ते भुयारामुळें नव्हे, तर ज्यांनीं स्वतः केलेला करार मोडिला त्यांच्या हातून. आम्हांस असें वाटतें कीं, खुनाचा दोष खुन्याचाच, तो मृतांच्या माथीं मारूं नये. परंतु पुढाऱ्याच्या निर्णयाचा भार त्यामुळें हलका होतो असेंहि नाहीं. जो इतरांस बरोबर घेऊन संकटांत शिरतो, त्यानें त्यांचे प्राणहि आपल्या हिशेबांत धरले पाहिजेत. बुशेल स्वतः मागें राहिला नाहीं, आणि ज्यास सर्वांत अधिक भय होतें तोच पहिल्या तुकडींत गेला, एवढें त्याच्या बाजूनें निश्चित आहे.

बुशेलची रक्षा आज पोलंडांतील पोझनान शहराच्या लष्करी स्मशानभूमींत आहे. त्याच्या सोबत्यांपैकीं पॉल ब्रिकहिल ह्या ऑस्ट्रेलियनानें १९५० सालीं ह्या पलायनावर पुस्तक लिहिलें, आणि १९६३ सालीं त्यावर चित्रपट झाला. चित्रपटांत मोटारसायकलीवरून कुंपण उडविणारा वीर दिसतो; तसें कांहीं घडलें नव्हतें. खरी गोष्ट अधिक साधी व अधिक मोठी आहे. तींत चित्रकार, शिंपी, सुतार, लोहार, माती वाहणारे, खिडकींत बसून नोंद करणारे असे सहाशें लोक आहेत. त्यांपैकीं बहुतेकांस भुयारांतून जाण्याची पाळी येणार नव्हती, हें ठाऊक असूनहि त्यांनीं वर्षभर काम केलें. विद्यार्थ्यांनो, बुशेलसारखे पुढारी विरळा निपजतात. परंतु दुसऱ्याच्या सुटकेसाठीं वाळूची पिशवी वाहणें हें मात्र आपणांपैकीं कोणासहि साधण्यासारखें आहे.